माझ्या आईला वजनकाट्यावर उभं करण्याआधी: सोलापुरातल्या डॉक्टरांना खुलं पत्र

सोलापुरातल्या सर्व डॉक्टरांना,
सप्रेम नमस्कार.

मी पूर्व भागात वाढले. आई विड्या वळायची, वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. आता मी एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गल्लीतल्या दवाखान्यापासून मोठ्या हॉस्पिटलपर्यंत जे कुणी रोज पेशंट तपासतात, त्या सगळ्यांना हे पत्र आहे. यात कुणा एकाची तक्रार नाही, म्हणून कुणाचं नावही नाही. आईच्या आजाराबद्दल तिला विचारून लिहिते आहे. तिनं हे माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

२०२३ च्या जानेवारीत, गड्ड्याची जत्रा चालू असताना, मी तिला गुडघेदुखीसाठी एका दवाखान्यात नेलं होतं. वजनकाटा बाहेरच्या खोलीत, बाकांच्या अगदी समोर होता. आई चप्पल काढून काट्यावर उभी राहिली आणि कंपाउंडरनं आकडा मोठ्यानं सांगितला, "शहाऐंशी!" बाकावर आमच्या गल्लीतल्या दोन बायका बसल्या होत्या. आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "मावशी, एवढं ओझं घेऊन फिरल्यावर गुडघे दुखणारच. तोंडाला कुलूप घाला." आई म्हणाली, "साहेब, एका भाकरीच्या वर खात नाही हो मी." ते म्हणाले, "सगळे हेच सांगतात." केसपेपरवर दुखण्याच्या गोळ्या आल्या आणि त्याखाली एक ओळ, वजन कमी करणे. दोन-तीन मिनिटांत आम्ही बाहेर होतो.

रिक्षात आई एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर सूप मांडीवर घेतलं आणि विड्या वळायला बसली. त्यानंतर दीड वर्ष ती कुठल्याच दवाखान्याची पायरी चढली नाही. शुगरच्या गोळ्या जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणायची.

त्या दीड वर्षात काय झालं ते पुढे सांगते. आधी तिचं वजन कुठून आलं ते सांगते, कारण हा प्रश्न तिला कुणी कधी विचारलाच नाही.

आईचा जन्म १९७२ च्या दुष्काळातला. माहेर मंगळवेढ्याकडचं, ज्वारीच्या कोठारातलं. त्या वर्षी त्या कोठारातही दाणा नव्हता. आजी पोटुशी असताना दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, आणि अमेरिकेहून आलेला लाल मिलो (तिकडची ज्वारी) आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर दिवस काढत होती. आई जन्मली तेव्हा "मुठीत मावेल एवढी" होती, असं आजी सांगायची.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम तुम्हाला ठाऊक असेल. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हातापायांनी काटकुळी, स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्यांनी बरीचशी राखून ठेवलेली. पोटात असतानाच ज्या शरीरानं टंचाई पाहिली, ते मिळेल तो कण साठवायच्या तयारीनं जन्माला येतं. मग पुढे आयुष्यभर बसून काम आणि स्वस्त तेल-साखर वाट्याला आली, की तीच तयारी अंगावर उलटते. माझ्या आईच्या बाबतीत हेच घडलं, असं एका माणसाबद्दल कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण आपला जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ काढत आलाय. तुमच्या समोरच्या बाकावर बसलेल्या जाड बाईची आई किंवा आजी उपाशी राहिलेली असण्याची शक्यता इथे फार मोठी आहे. तिला "खाऊन खाऊन सुटलीय" म्हणताना हे मनात असावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

सतराव्या वर्षी लग्न होऊन आई सोलापुरात आली आणि शेजारणीकडून विडी वळायला शिकली. तुम्ही हे काम जवळून पाहिलं नसेल तर एकदा बघा. मांडीवर सूप, त्यात पानं, तंबाखू आणि दोरा. मान खाली, पाठ वाकलेली, हात सोडले तर बाकीचं सगळं अंग स्थिर. रोजची हजार विडी भरायची तर आठ-दहा तास असंच बसावं लागतं. मजुरी नगावर, त्यामुळे उठलं की पैसे गेले. माहेरी शेतात राबलेली बाई वर्षभरात अशी जागच्या जागी खिळली. जेवायला उठायचं नाही म्हणून दर दोन तासांनी साखरेचा चहा आणि त्यात बुडवून बटर नाहीतर खारी. भूक मरते, हात चालू राहतो. घरात ज्वारी महाग पडायला लागली तसा रेशनचा तांदूळ आणि गहू वाढला, आणि भाजीवर सुटं तेल. आई भाकरी एकच खायची हे अगदी खरं होतं. चहा-खारी हे तिच्या हिशेबी खाणंच नव्हतं. "खाणं कमी करा" म्हटल्यावर ती त्या एका भाकरीची अर्धी करायची. डॉक्टरांनी "सकाळपासून काय काय तोंडात गेलं, चहासुद्धा धरून सांगा" असं विचारलं असतं, तर दोन मिनिटांत सापडलं असतं.

वडिलांच्या रात्रपाळ्या बारा-बारा तासांच्या. पहाटे ते यायचे तेव्हा आई उठलेली असायची, आणि रात्री लूमच्या खडखडाटात आमच्या अख्ख्या गल्लीला झोप म्हणजे तुकडे. कमी झोपलेल्या माणसाची भूक वाढते, आणि ती नेमकी गोड-तळकट पदार्थांकडे वळते. त्यात आई घोरायची. मध्येच श्वास अडकायचा आणि दचकून उठून बसायची. आम्ही पोरं हसायचो. तो झोपेत श्वास अडकण्याचा आजार होता, गळ्याभोवती साठलेल्या चरबीनं होणारा. त्यातून बीपी वाढतं, दिवसभर ग्लानी राहते, चालायला अंग उचलत नाही, वजन आणखी वाढतं. "रात्री घोरता का?" हा तीन शब्दांचा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदा विचारला गेला तो ऑपरेशनच्या आधी, भूल देणाऱ्या डॉक्टरांकडून.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी लिहिते, कारण पेशंटला ती कुणी सांगत नाही. शुगरच्या काही स्वस्त गोळ्यांनी आणि इन्सुलिननं वजन वाढतं. स्टिरॉइडनं वाढतं, फिटच्या आणि मनाच्या आजारांच्या काही औषधांनीही वाढतं. आईची गोळी बदलल्यावर सहा महिन्यांत तिचं वजन चार किलोंनी वाढलं होतं. गोळीची गरज असेलही. पण "या गोळीनं वजन थोडं वाढू शकतं, तुमचा दोष नाही" एवढं वाक्य ऐकलं असतं तर तिनं नवरात्रात नऊ दिवस निव्वळ पाण्यावर काढून स्वतःला शिक्षा केली नसती.

ते नऊ दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहेत. वजन साडेतीन किलोंनी उतरलं आणि दिवाळीपर्यंत पाच किलोंनी चढलं. आईला वाटलं, आपल्यातच काहीतरी वाईट आहे. मी तिला शाळेतल्या मुलांना समजावते तसं समजावलं. १९९४ मध्ये लेप्टिन नावाच्या संप्रेरकाचा शोध लागला. ते चरबीतूनच निघतं आणि मेंदूला साठ्याची खबर देतं. उपाशी राहून चरबी घटली की लेप्टिन उतरतं, मेंदू दुष्काळ पडल्याचं समजतो, भूक वाढवतो आणि खर्च कमी करतो. अमेरिकेत टीव्हीच्या स्पर्धेत झपाट्यानं वजन उतरवलेल्या माणसांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं, आणि त्यांचं शरीर विश्रांतीत रोज सुमारे ५०० कॅलरी अपेक्षेपेक्षा कमी जाळत होतं. हा अभ्यास २०१६ चा आहे. घटवलेलं वजन टिकवणं हे रोज प्रवाहाविरुद्ध पोहणं असतं. ज्याला ते जमत नाही, त्याला आळशी म्हणू नका.

इतकं वाचून कुणाला वाटेल की ही बाई जाडीची बाजू घेते आहे. तसं मुळीच नाही. चरबी काय करते ते मी घरात पाहिलं आहे.

२०२३ च्या शेवटी आईला रक्ताचा डाग दिसला. पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिनं कुणाला सांगितलं नाही. नंतर मी विचारलं, का नाही सांगितलंस, तर म्हणाली, "सांगून काय, पुन्हा काट्यावरच उभं केलं असतं." सात-आठ महिने अंगावर काढलं. धाप लागायला लागली, जिने चढवेनात, चेहरा पांढरा पडला. तिला वाटलं वजनामुळे. मलाही तसंच वाटलं, आणि विज्ञान शिकवणाऱ्या बाईला तसं वाटलं याचा सल मनातून जात नाही. २०२४ च्या पावसाळ्यात ती स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली तेव्हा सगळं बाहेर आलं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. ऑपरेशन आणि पुढचे उपचार बार्शीला झाले. आज ती त्रेपन्न वर्षांची आहे, घरी आहे, हिंडते-फिरते.

या कॅन्सरचं आणि लठ्ठपणाचं नातं किती घट्ट आहे, ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं. पाळी गेल्यावर बीजकोशांचं काम थांबतं, पण चरबीची ऊती स्वतः इस्ट्रोजेन तयार करत राहते, आणि त्याला आवर घालणारं दुसरं संप्रेरक नसल्यामुळे अस्तर जाड होत जातं. चरबी म्हणजे अंगावर निपचित पडलेलं पोतं असं आपण समजतो. ती एक ग्रंथीच आहे, दिवसरात्र काम करणारी. पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कॅन्सर, मोठ्या आतड्याचा, मूत्रपिंडाचा, असे एकूण तेरा प्रकारचे कॅन्सर अतिरिक्त चरबीशी जोडलेले असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१६ मध्ये सांगितलं. म्हणजे आईला तिच्या वजनानं आजारी पाडलं हे खरं. आणि त्या वजनाबद्दल तिच्याशी ज्या रीतीनं बोललं गेलं, त्यामुळे तो आजार आठ महिने झाकून राहिला, हेही तितकंच खरं. माझ्या पत्राचं सगळं म्हणणं या दोन वाक्यांत आहे.

आता वडिलांचं. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. कोष्टकात बसवलं तर अगदी योग्य. काटक माणूस म्हणून गल्लीत नाव. त्यांना कधी कुणी काट्यावर उभंच केलं नाही, शुगर तपासा म्हटलं नाही. पायाची जखम दोन महिने भरेना तेव्हा शुगर कळली, आणि सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. मी त्यांच्या पोटाचा घेर मोजला तो ९५ सेंटिमीटर. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० ही धोक्याची रेघ धरतात. हात-पाय बारीक आणि पोट तेवढं पुढे, अशी माणसं आपल्या शहरात किती आहेत ते तुम्ही रोज बघताच.

डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. मी तो फोटो दरवर्षी नववीच्या मुलांना दाखवते. एक डॉक्टरच स्वतःचं शरीर पुढे करून सांगतोय की काट्यावर विसंबू नका. म्हणूनच आपल्या लोकांसाठी निर्देशांक २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, पाश्चात्त्यांसारखा २५ आणि ३० नाही. २०२३ मध्ये आलेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत निर्देशांकानुसार लठ्ठ असलेली माणसं २८.६ टक्के होती, पण पोटाच्या घेरानुसार ३९.५ टक्के. या दोन आकड्यांमधल्या फरकात माझे वडील बसतात. आईचं तुम्हाला फक्त वजन दिसलं, आणि वडिलांचं वजन दिसलं नाही म्हणून काहीच दिसलं नाही.

मग काय करावं? तुमच्यावरचा ताण मला कळतो. एका सकाळी ऐंशी-नव्वद पेशंट असतात, आणि आहार समजावून सांगायला अर्धा तास कुठून आणायचा? मी अर्धा तास मागत नाही. वजनकाटा आतल्या खोलीत घ्या आणि आकडा हळू सांगा. "तुमच्या वजनाबद्दल बोललं तर चालेल का?" असं आधी विचारा. नाही म्हणणारी बाई मला तरी अजून भेटलेली नाही, पण विचारल्यावर तिचा चेहरा बदलतो. टेबलाच्या खणात शिंप्याचा टेप ठेवा, वीस रुपयांना मिळतो. बीपीचा मोठा पट्टा ठेवा. जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, आणि आईला काही वर्षं अशा आकड्यावरच गोळ्या चालू होत्या की काय, ही शंका मला अजून छळते. हात नसलेलं एखादं बाक ठेवा, खुर्चीत अडकण्याच्या भीतीनं उभी राहणारी माणसं मी पाहिली आहेत. आणि जाड बाई धाप, कंबरदुखी किंवा थकवा घेऊन आली, तर वजन बाजूला ठेवून सडपातळ बाईला जे विचारलं असतं ते सगळं विचारा. रक्त जातंय का, झोप कशी आहे, मन कसं आहे, थायरॉइड तपासलंय का.

ध्येयही लहान ठेवा. आईला दर वेळी "तीस किलो कमी करा" सांगितलं जायचं. तीस किलो हा तिच्या दृष्टीनं सिद्धेश्वराचा नंदीध्वज एकटीनं पेलण्यासारखा प्रकार होता. पण वजन ५ ते ७ टक्क्यांनी जरी उतरलं, तरी शुगर, बीपी, यकृतावरची चरबी या सगळ्यांत फरक पडतो, हे तुमच्याच शास्त्रानं दाखवलं आहे. आईच्या हिशेबात ते चार ते सहा किलो. एक किलो कमी झाला की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो, हे तिला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटानं शुगरच्या उंबरठ्यावरच्या लोकांना फक्त चालणं आणि आहार सांभाळायला लावलं, आणि सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. हा अभ्यास २००६ चा, आपल्यासारख्याच माणसांवरचा. त्यातल्या अनेकांचं वजन फारसं उतरलंही नव्हतं.

चालण्याबद्दल बोलताना मात्र पत्ता विचारून सल्ला द्या. "सकाळी कंबर तलावाला चक्कर मारा" हे तिकडे राहणाऱ्यांना ठीक आहे. पूर्व भागातली बाई सकाळी पाणी भरते, डबे करते, मग कारखान्यात विड्या द्यायला जाते. एप्रिल-मेमध्ये नऊनंतर उन्हात कुणीच चालू शकत नाही. आईनं काय केलं ते सांगते. दर शंभर विड्यांना उठायचं, अंगणात दहा फेऱ्या मारायच्या, मग पुन्हा बसायचं. चहाची साखर तिनं महिन्याला अर्धा चमचा अशी उतरवली. खारीच्या जागी मूठभर फुटाणे आले. शेंगा चटणी सोडली नाही, आणि सोडायची गरजही नव्हती. वर्षभरात सात किलो उतरले आणि आत्तापर्यंत तरी टिकले आहेत.

वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दलही लोक विचारू लागले आहेत. २०२५ पासून ती आपल्याकडे आली आहेत, काम करतात, आणि बंद केली की वजन बहुधा परत येतं. ज्यांना खरी गरज आहे त्यांना नीट समजावून द्या, आणि जिममध्ये किंवा ओळखीवर ती घेणाऱ्यांना अडवा. ज्याला परवडत नाहीत त्याला मात्र रिकाम्या हातानं परत पाठवू नका. वर लिहिलेल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच शहरातले. १९३८ मध्ये ते चीनला गेले आणि परक्या लोकांची सेवा करता करता १९४२ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. त्यांचं नाव तुम्ही सगळे अभिमानानं घेता, मीही घेते. त्यांच्या गावातल्या डॉक्टरांकडे हे मागणं मागायला मला संकोच वाटत नाही.

गेल्या वर्षापासून आई आणि मी दर रविवारी दुपारी चार वाजता आमच्या गल्लीतल्या समाजमंदिरात बसतो. वीस-पंचवीस बायका येतात, बहुतेक विडी कामगार, आता काही नवऱ्यांनाही ओढून आणतात. आई टेपनं घेर मोजते आणि वहीत लिहिते. त्याच वहीच्या मागच्या पानांवर आम्ही त्यांचे प्रश्न लिहून ठेवतो. शुगरची गोळी बदलून मागितली तर डॉक्टर रागावतील का? माझी मुलगी अकरा वर्षांची, वजन बावन्न किलो, वर्गात चिडवतात म्हणून शाळेत जात नाही, तिला काय खायला देऊ? बाळंतपणात वाढलेलं वजन पाच वर्षांनी उतरतं का? नवरा घोरतो, त्याला कुठं दाखवायचं? पाळी गेल्यावर एकदाच डाग दिसला, तर यायचं का?

यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आई स्वतः देते, सगळ्यांसमोर, लाज न धरता. बाकीच्यांची उत्तरं देण्याचा अधिकार आम्हा दोघींना नाही, म्हणून ती पानं तशीच भरत चालली आहेत. तुमच्यापैकी कुणाला एखाद्या रविवारी तासभर काढता आला तर जरूर या. बसायला सतरंजी आहे, चहा बिनसाखरेचा मिळेल, आणि काटा आम्ही आतल्या खोलीत ठेवला आहे.

आपली नम्र,
पूर्व भागातली एक शिक्षिका
सोलापूर